स्टेशनाजवळ पैसा येतो, तो घ्यायला कोण तयार असतं?



आज तुम्हाला कोलकात्याच्या बालीगंज स्टेशनावर घेऊन जातो. फौजेत असताना माझी एक बदली इथल्या कॅम्पला झाली होती, आणि निवृत्तीनंतर मुलीमुळे पुन्हा इथेच आलो. सकाळी लवकर फलाटावर उभं राहा. कॅनिंग, लक्ष्मीकांतपूर, डायमंड हार्बरकडून लोकल येतात आणि बायकांचे लोंढे उतरतात. कोणी घरकामाला आलेली, कोणी भाजीची टोपली घेऊन. या गाड्यांना इथले लोक ‘झी स्पेशल’ म्हणतात, म्हणजे मोलकरणींची गाडी. मला तो शब्द आवडत नाही. कॅनिंगची लाइन १८६३ पासून चालू आहे. तिच्यावरून रोज येणाऱ्या बाईच्या नावावर मात्र स्टेशनाजवळ हातभर जागा नाही.

स्टेशनाजवळची जागा महागते हे ठाण्या-डोंबिवलीच्या माणसाला सांगायला नको. केंद्र सरकारच्या २०१७ च्या धोरणात मेट्रो किंवा रेल्वे स्टेशनापासून साधारण ५०० ते ८०० मीटरच्या पट्ट्यात दाट बांधकामाला वाव द्यायचा विचार आहे. चटईक्षेत्र वाढलं की बिल्डर येतो, मागोमाग बँक येते. हा पैसा वाईट नाही, पण ज्याचे कागद तयार असतात त्याच्याकडे तो आधी जातो.

फेरीवाल्याकडे कागद नसला तर काय होतं, ते जवळच्या गडियाहाटने पाहिलं आहे. नोव्हेंबर १९९६ मध्ये ‘ऑपरेशन सनशाइन’ नावाची मोहीम झाली आणि फुटपाथवरची दुकानं रातोरात उठवली गेली. पुढे लोक परतले, कारण गिऱ्हाईक तिथेच होतं. २०१४ साली पथविक्रेत्यांसाठी केंद्राचा कायदा आला. त्यात शहर फेरीवाला समिती आहे, आणि तिच्यात किमान ४० टक्के सभासद फेरीवाल्यांनी स्वतः निवडून द्यायचे असतात. त्यांतल्या एक तृतीयांश बायका हव्यात. सर्वेक्षण होऊन दाखले मिळेपर्यंत कोणाला उठवता येत नाही. पण याच कायद्याच्या पहिल्याच कलमात लिहिलं आहे की रेल्वेच्या मालकीच्या जमिनीला तो लागू नाही.

हे कलम मी आधी नीट वाचायला हवं होतं.

स्टेशनाबाहेर भाजी विकणाऱ्या बारा जणींशी माझी ओळख झाली. उरलेला माल, तराजू, ताडपत्री हे सगळं त्या रोज गाडीने परत न्यायच्या. मी म्हटलं, सर्वांची मिळून एक मोठी पत्र्याची पेटी करू. जागा मी ठरवली, नकाशा मी काढला, कोणी किती वर्गणी द्यायची तेही मीच सांगितलं. फौजेची सवय, दुसरं काय! पेटी बसवली आणि महिन्याभरात हलवावी लागली, कारण जागा रेल्वेच्या हद्दीतली निघाली. त्या बायकांचे पैसे गेले. त्यांच्यातल्या वयस्क मासी मला म्हणाल्या, “दादा, त्या खांबापलीकडची जमीन रेल्वेची, हे आम्हाला ठाऊक होतं. तुम्ही विचारलंच नाही.”

रेकी न करता तुकडी पुढे नेणाऱ्या अधिकाऱ्याला मी काय सुनावलं असतं, ते इथे सांगत नाही.

मग उलटीकडून सुरुवात केली. कोण कुठे बसतं, हद्द कुठे संपते, पाणी कुठे तुंबतं, याचा नकाशा त्यांनीच खडूने जमिनीवर काढला. मी फक्त कागदावर उतरवून घेतला. बचत गटाची पंचसूत्री तुम्हाला माहीत असेल: नियमित बैठक, नियमित बचत, आपसात कर्ज, वेळेवर फेड, चोख हिशेब. ऐकायला रुक्ष वाटते. पण तारण नसलेल्या माणसाची पत बँकेला दुसऱ्या कशातून दिसणार? गिरणगावात खानावळी चालवणाऱ्या बायकांना प्रेमाताई पुरव यांनी १९७५ साली अन्नपूर्णा महिला मंडळात एकत्र आणलं, ते याच वाटेने. एकमेकींची हमी होती, म्हणून सावकार सोडून राष्ट्रीयीकृत बँकेचं कर्ज मिळू शकलं.

२०२० मध्ये पीएम स्वनिधी योजना आली, तेव्हा पहिलं कर्ज १०,००० रुपयांचं होतं, तेही विनातारण. त्यासाठी विक्रेत्याचा दाखला किंवा पालिकेचं शिफारसपत्र लागायचं. पैसा दिल्लीत तयार होता. गल्लीत अर्ज भरून देणारं, कागद जमवणारं, हप्त्याची आठवण करणारं माणूस हवं होतं. स्थानिक क्षमता म्हणतात ती हीच. शिबिराचा फोटो काढून ती येत नाही.

अमेरिकेत डेन्व्हर शहराने २०१० मध्ये काही संस्थांबरोबर एक निधी उभारला. लाइट रेलच्या स्टेशनांजवळची जमीन महाग होण्याआधी विकत घेऊन परवडणाऱ्या घरांसाठी राखायची, अशी ती कल्पना. निधी मोठा होता, पण जमीन हेरणारी आणि सांभाळणारी स्थानिक संस्था जागेवर असल्यामुळे तो कामी आला. आपल्या बारा जणींकडे जमीन घेण्याएवढे पैसे नाहीत.

त्यांनी कसब्याच्या बाजूला एका जिन्याखालची जागा भाड्याने घेतली आहे. ती त्यांनीच शोधली, भाडं बारा हिश्श्यांत वाटलं. वही आठवी पास झालेल्या एकीकडे असते. मी महिन्यातून एकदा बेरजा तपासतो. फेरीवाला समितीसाठी नावं कशी द्यायची, कागद कोणते लागतात, याची चौकशी सध्या चालू आहे. तिघींनी तयारी दाखवली आहे, आणि मासी त्यांच्यात आहेत.