संकेतस्थळाचा खर्च : महसुली की भांडवली?

जयपूर शहराच्या झोटवाडा औद्योगिक क्षेत्रात लाकडी फर्निचर तयार करणारी एखादी भागीदारी संस्था कल्पावी. आजवर तिचा माल व्यापाऱ्यांमार्फत जात असे; आता पुण्या-मुंबईचे ग्राहक थेट मागणी नोंदवू लागल्याने भागीदारांनी 2025-26 या आर्थिक वर्षात दोन लाख रुपये खर्चून संकेतस्थळ उभारले. हा खर्च नफ्यातून वजा करता येईल काय? आयकर कायदा केंद्राचा असल्यामुळे उत्तर झोटवाड्यात जे, तेच इचलकरंजीत.

1961 च्या आयकर कायद्याच्या कलम 37(1) अन्वये, संपूर्णतः व केवळ व्यवसायासाठी केलेला आणि भांडवली वा वैयक्तिक स्वरूपाचा नसलेला खर्च वजावटीस पात्र असतो. 2025 च्या नव्या कायद्याने (अंमल 1 एप्रिल 2026 पासून) कलमांचे क्रमांक बदलले, ही कसोटी मात्र कायम ठेवली. होस्टिंगचे वार्षिक शुल्क, डोमेन नावाचे नूतनीकरण, देखभाल, मालाची छायाचित्रे यांबाबत सहसा वाद होत नाही. त्याच बिलात चिरंजीवांच्या क्रिकेट संघाचे पान तयार झाले असेल, तर तेवढा भाग अर्थातच बाद!

वाद असतो तो उभारणीच्या खर्चाचा. संकेतस्थळ अनेक वर्षे उपयोगी पडते, म्हणून तो खर्च भांडवली, असे कर निर्धारण अधिकारी म्हणू शकतात. दिल्ली उच्च न्यायालयाने 2008 मध्ये इंडियन व्हिजिट डॉट कॉम या कंपनीच्या प्रकरणात हा दृष्टिकोन अमान्य केला. लाभ दीर्घकाळ टिकतो एवढ्यावरून खर्च भांडवली ठरत नाही. संकेतस्थळाचा हेतू ग्राहकांना माहिती पुरविण्याचा असतो आणि त्यामुळे करदात्याच्या स्थिर भांडवलात भर पडत नाही, असे न्यायालयाने म्हटले. दिल्लीचा निर्णय राजस्थानात बंधनकारक नसला तरी आधार म्हणून भक्कम आहे. मात्र संकेतस्थळ हाच ज्यांचा व्यवसाय आहे, त्यांची बाजू आमच्या मते तितकी सोपी नाही.

फरक किती पडतो? खर्च महसुली ठरल्यास त्याच वर्षी पूर्ण दोन लाखांची वजावट मिळते. भांडवली ठरल्यास केवळ घसारा मिळतो, आणि त्याचा दर संगणक सॉफ्टवेअरचा 40 टक्के की अमूर्त मालमत्तेचा 25 टक्के, याविषयीही मतभेद आहेत. 40 टक्के धरले, तरी संकेतस्थळ डिसेंबरात सुरू झाले असल्यास वापर 180 दिवसांपेक्षा कमी, म्हणून निम्मा घसारा, म्हणजे 40,000 रुपये. उरलेल्या 1,60,000 रुपयांवर भागीदारी संस्थेला उपकरासह 31.2 टक्के दराने 49,920 रुपये कर त्या वर्षी जास्त भरावा लागेल. पुढील वर्षांत घसाऱ्याद्वारे तो हळूहळू वसूल होतो, पण लहान उद्योगाच्या खेळत्या भांडवलाला तेवढा ताण बसतोच.

आता अनेकांच्या लक्षात न येणारी गोष्ट. कलम 44एडी खाली अनुमानित उत्पन्न दाखविणाऱ्यांना या चर्चेचा काहीच उपयोग नाही. समजा, उलाढाल 1 कोटी 20 लाख रुपये असून सर्व रक्कम बँकेमार्फत आली. 6 टक्क्यांनी किमान 7,20,000 रुपये नफा दाखवावा लागतो. संकेतस्थळावर वीस हजार खर्च झाले काय किंवा दोन लाख काय, वेगळी वजावट नाही. घसाराही मिळाल्याचेच मानले जाते. केवळ या खर्चासाठी योजनेतून बाहेर पडावे, तर पुढील पाच वर्षे तिच्यात परतता येत नाही आणि लेखापरीक्षणाचा प्रश्नही उद्भवू शकतो. म्हणून सनदी लेखापालांकडून आधी आकडेमोड करून घ्यावी.

नियमित हिशेब ठेवणाऱ्यांनी रक्कम देतानाही सावध असावे. एका व्यक्तीस एका दिवसात 10,000 रुपयांहून अधिक रोख दिल्यास तो खर्च नामंजूर होतो. धनादेश वा एनईएफटी हाच मार्ग योग्य. तसेच भागीदारी संस्थेने लागू असलेली उद्गम करकपात केली नाही, तर खर्चाचा 30 टक्के भाग, म्हणजे येथे 60,000 रुपये, त्या वर्षी अमान्य होतात आणि कर भरला जाईल त्या वर्षी मान्य होतात. संकेतस्थळाच्या बिलावरील 18 टक्के वस्तू व सेवा कराची जमा घेतली असल्यास ती रक्कम पुन्हा खर्चात धरता येत नाही.