तबकडी फिरते, पण वाचली जात नाही

कर्जत आणि खालापूर या सह्याद्रीच्या पायथ्याच्या तालुक्यांत मृगापासून हस्तापर्यंत जी दमट हवा कपाटातील दप्तरांनाही बुरशी आणते, तीच जुन्या संगणकाच्या सीडी-रॉममध्ये शिरून भिंगावर दवासारखा सूक्ष्म थर धरते. आणि ७८० नॅनोमीटर तरंगलांबीचा लेसर किरण त्यातून विस्कटला, की तबकडी घरघरते, दिवा लुकलुकत राहतो व प्रणालीची स्थापना निम्म्यावर अडते. अशा वेळी यंत्राला कसूरवार ठरवण्यापूर्वी संगणक अर्धा तास नुसता चालू ठेवून ओल उडू द्यावी, आणि तबकडी मध्याकडून कडेकडे सरळ पुसावी, गोलाकार कदापि नव्हे.

तबकडीवरून संगणक सुरू करण्याची ‘एल टोरिटो’ ही तजवीज १९९५ सालची. त्याआधीच्या बायॉसला तो हुकूम उमगतच नाही, तेथे फ्लॉपीचाच आधार. विंडोज ९८ च्या स्टार्टअप फ्लॉपीत सीडी-रॉमचा ड्रायव्हर असतो खरा, परंतु ती फ्लॉपी स्मृतीत एक काल्पनिक डिस्क उभारून तिला एक अक्षर बहाल करीत असल्याने, कालपर्यंत ‘डी’ असलेली सीडी आज ‘ई’ होऊन बसते. या एका अक्षरापायी कित्येक धडधाकट यंत्रे भंगारात गेली असावीत, अशी माझी अटकळ आहे.

एकाच केबलवरील हार्ड डिस्क व सीडी-रॉम दोन्ही ‘मास्टर’ निघाली, तर मागच्या पिनांवरचा भाताच्या दाण्याएवढा जंपर चिमट्याने उपसून ‘स्लेव्ह’वर बसवावा. तो हातातून निसटला, तर मात्र आधी केरसुणी आणावी.