समोर बांबूचा पडदा

हॉटेलात एकट्यानं जेवायला जाणं आपल्यापैकी पुष्कळांच्या जिवावर येतं. वेटर विचारतो, "किती जण?" आणि "एकच" असं सांगताना आवाज उगाचच खाली जातो. चौघांच्या टेबलापाशी एकटं बसलं, की साऱ्या हॉटेलचे डोळे आपल्याच ताटात आहेत असं वाटू लागतं. बाईमाणूस असेल तर विचारायलाच नको.

जपानमध्येही हा संकोच होता. रामेन, म्हणजे गरम रश्शातल्या गव्हाच्या शेवया. रामेनची दुकानं पूर्वी बहुतेक पुरुषांचीच. तिथं एकट्या बाईनं बसून शेवयांचे भुरके मारायचे आणि वर आणखी शेवया मागायच्या, हे अवघडच. क्युशू बेटावरच्या फुकुओका शहरातून पसरलेल्या 'इचिरान' या दुकानांनी त्यावर एक गमतीदार तोड काढली. प्रत्येक गिऱ्हाइकाला स्वतंत्र कप्पाच दिला!

दारातच एक यंत्र असतं. त्यात पैसे टाकायचे, तिकीट घ्यायचं. कुठली जागा रिकामी आहे ते फलकावरचे दिवे सांगतात. लांबलचक कट्ट्यावर ओळीनं बसायचं. दोन्ही बाजूंना लाकडी फळ्या, समोर बांबूचा छोटा पडदा. पाण्याचा नळसुद्धा ज्याचा त्याला. मग एक कागद भरायचा. रस्सा किती दाट, तेलकटपणा किती, लसूण किती, कांद्याची पात हवी का, लाल तिखट किती आणि शेवया किती मऊ, अशा खुणा त्यावर करायच्या. थोडक्यात, परीक्षेचा पेपर! पडद्याखालून दोन हात येतात, कागद नेतात, थोड्या वेळानं वाडगा ठेवतात. वाकून नमस्कार होतो आणि पडदा खाली येतो. वाढणाऱ्याचा चेहरा बहुधा दिसतच नाही. (शाकाहारी मंडळींनी मात्र जपून. इथला पांढरट रस्सा डुकराची हाडं तासन्‌तास उकळून केलेला असतो.)

शेवया पुन्हा मागण्याची चाल फुकुओकाची जुनी. तिथल्या मासळीबाजारातल्या कामगारांना वेळ कमी. म्हणून शेवया बारीक, लगेच शिजणाऱ्या. एकदम जास्त घेतल्या तर रश्शात लगदा होतो. त्यापेक्षा थोड्या खाव्यात आणि उरलेल्या रश्शात ताज्या घालून घ्याव्यात. इचिरानमध्ये त्यासाठी तोंड उघडावं लागत नाही. छोटी तबकडी कट्ट्यावरच्या ठरावीक जागी ठेवली, की एक धून वाजते. पूर्वी रात्री गाडा घेऊन फिरणारे रामेनवाले सनईसारखं वाद्य वाजवत, त्याचीच ही धून. रस्त्यावरच्या गर्दीतला तो सूर आता एकट्या माणसाच्या कप्प्यात वाजतो.

दुकानवाल्यांचं म्हणणं असं, की हा कट्टा चवीवर चित्त एकाग्र करण्यासाठी आहे. टीकाकारांना तो गोठ्यासारखा वाटतो. २०२० च्या जनगणनेत जपानमधली सुमारे ३८ टक्के कुटुंबं एकेकट्या माणसाची निघाली. तिथं एकट्यानं जेवणं ही हौस नव्हे, रोजची रीत आहे. अशा माणसाला दिवसभरात कुणाचा चेहरा दिसला नाही आणि जेवतानाही समोर पडदाच आला, तर ती सोय म्हणायची की शिक्षा?

मला विचाराल तर, लोकांच्या नजरेचं ओझं उतरतं हे काही थोडं नव्हे. ते उतरलं तरच काही जण घराबाहेर पडतात. पण नजर टाळणं वेगळं आणि सोबत असणं वेगळं. दोघं मिळून आले तर मधली फळी दुमडता येते, ही सोय त्या मानानं मला मोठी वाटते. आणि फळी असली तरी पलीकडच्याचे भुरके ऐकू येतातच. जपानमध्ये शेवया आवाज करत खाणं मुळीच वावगं नाही. त्या आवाजावरून शेजारचा घाईत आहे की निवांत, हेही कळतं.

रस्सा शेवटपर्यंत प्यायलात, तर वाडग्याच्या तळाशी काही अक्षरं दिसतात. हा शेवटचा थेंबच सगळ्यात मोठा आनंद, असा त्यांचा अर्थ. पडद्यामागून कुणी बोललं नसलं, तरी हा निरोप तेवढा आधीच लिहून ठेवलेला असतो.