शासकीय कुटुंब पाहणीला प्रतिसाद

शासकीय कुटुंब पाहणी म्हणजे शासनाच्या सांख्यिकी यंत्रणेने निवडक कुटुंबांकडून त्यांचा खर्च, रोजगार, शिक्षण, आरोग्य, घर व मालमत्ता यांविषयी ठरावीक प्रश्नावलीच्या आधारे माहिती गोळा करणे होय. जनगणनेत प्रत्येक घराची नोंद होते. पाहणीत मात्र थोडी घरे निवडून त्यांच्यावरून सर्वांविषयी अनुमान काढले जाते. त्यामुळे निवडलेल्या कुटुंबाचे उत्तर, किंवा उत्तर न देणे, त्या एका घरापुरते राहत नाही.

अमेरिका, ब्रिटन यांसारख्या देशांत अशा पाहणीची सुरुवात बहुधा टपालाने आलेल्या पत्राने होते. भारतात पत्र आलेच, तर ते सहसा पूर्वसूचनेचे किंवा परिचयाचे असते आणि त्यामागून माणूस दाराशी येतो. १९५१ च्या जनगणनेत देशाची साक्षरता सुमारे १८ टक्के होती. त्या काळी लेखी प्रश्नावली पाठवून उत्तर मागवणे शक्यच नव्हते. तेव्हा पडलेली तोंडी मुलाखतीची पद्धत आजही चालू आहे. फक्त कागदाच्या जागी टॅबलेट आला आहे.

पुणे परिसरातील पूर्वपरंपरा

घरोघर जाऊन माहिती विचारण्याची पुणे परिसरातील परंपरा राष्ट्रीय पाहणीहून जुनी आहे. पुण्याच्या कृषी महाविद्यालयाचे प्राचार्य हॅरॉल्ड मान यांनी पिंपळे सौदागर या गावातील शेती, कर्ज व कुटुंबांची मिळकत यांचा अभ्यास करून तो १९१७ मध्ये प्रसिद्ध केला. पुढे ना. वि. कानिटकर यांच्यासह त्यांनी जातेगाव बुद्रुकचाही असाच अभ्यास केला (१९२१). मान यांच्या अभ्यासातले शेतकरी खेडे आज गृहनिर्माण संस्थांनी भरलेले उपनगर झाले आहे, ही गोष्ट भूगावसारख्या गावांचा विचार करताना ध्यानात ठेवण्याजोगी आहे.

१९३० मध्ये स्थापन झालेल्या गोखले अर्थशास्त्र संस्थेत धनंजयराव गाडगीळ यांनी १९३६-३७ च्या सुमारास पुणे शहराची सामाजिक-आर्थिक पाहणी केली. तिचा पहिला भाग १९४५ मध्ये, तर दुसरा १९५२ मध्ये निघाला. १९४९ मध्ये केंद्र सरकारने नेमलेल्या राष्ट्रीय उत्पन्न समितीचे अध्यक्ष प्रशांतचंद्र महालनोबीस होते आणि गाडगीळ तिचे सदस्य होते. देशातील कुटुंबांच्या खर्चाची विश्वसनीय माहिती नसताना राष्ट्रीय उत्पन्न मोजायचे कसे, या अडचणीतून १९५० मध्ये राष्ट्रीय नमुना पाहणी सुरू झाली. ऑक्टोबर १९५० ते मार्च १९५१ या पहिल्या फेरीत केवळ ग्रामीण भाग घेतला होता. त्या फेरीतील काही काम गोखले संस्थेने तयार केलेल्या स्वतंत्र प्रश्नावलीवर झाले. ती 'पुणे अनुसूची' म्हणून ओळखली जाते आणि तिचा अहवाल वि. म. दांडेकरांनी लिहिला. याच दांडेकरांनी नीलकंठ रथ यांच्यासह १९७१ मध्ये भारतातील दारिद्र्याचा जो गाजलेला अभ्यास मांडला, त्याचा पाया नमुना पाहणीतील खर्चाचे आकडे हाच होता. कुणा अनोळखी गृहिणीने ज्वारी, तेल आणि मिठाचा हिशेब सांगितला नसता, तर तो अभ्यास झाला नसता.

राष्ट्रीय पाहणीचे काम आता केंद्रीय सांख्यिकी व कार्यक्रम अंमलबजावणी मंत्रालयाच्या अखत्यारीतील राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालय करते. महाराष्ट्र शासनाचे अर्थ व सांख्यिकी संचालनालय राज्याचा स्वतंत्र नमुना घेऊन तिच्यात सहभागी होते.

कुटुंबाची निवड

"आमचेच घर का?" हा बहुतेकांचा पहिला प्रश्न असतो. त्याचे उत्तर असे, की घराला कुणी पसंत केलेले नसते. आधी संख्याशास्त्रीय पद्धतीने गावे व शहरी गट निवडले जातात. गाव मोठे असेल तर त्याचे काल्पनिक भाग पाडून त्यांतील एखादा घेतात. मग त्या भागातील सर्व घरांची यादी होते आणि यादीतून काही कुटुंबे यादृच्छिक रीतीने, म्हणजे चिठ्ठी टाकून काढावीत तशी, निघतात. कर्मचाऱ्याला सोयीचे घर किंवा ओळखीचे घर अशी मुभा नसते.

ऑगस्ट २०२२ ते जुलै २०२३ या काळातील घरगुती उपभोग खर्च पाहणीत देशभर २,६१,७४६ कुटुंबांची माहिती घेतली गेली. २०११ च्या जनगणनेच्या घरयादीत सुमारे २४ कोटी ६७ लाख कुटुंबे होती. तेवढीच धरली तरी निवडलेल्या एका कुटुंबामागे नऊशेहून अधिक कुटुंबे उभी राहतात. घर बंद असले किंवा नकार मिळाला तर त्याच गटातील दुसरे कुटुंब घेण्याची तरतूद आहे, पण तिने प्रश्न पुरता सुटत नाही. नकार देणारी घरे आणि होकार देणारी घरे सारखी नसतात. पती-पत्नी दोघेही नोकरीवर असल्याने दिवसभर कुलूप असलेले घर आणि दुपारी माणसे असलेले घर यांचे खर्च वेगळे असतात. पहिल्याच्या जागी दुसरे घेतले की संख्या भरते, चित्र मात्र बदलते.

भूगाव : गाव आणि शहर यांच्या सीमेवर

मुळशी तालुक्यातील भूगाव हे पुणे–पौड रस्त्यावर, चांदणी चौक व बावधन ओलांडल्यावर लागणारे ग्रामपंचायतीचे गाव. पुढे भुकूम आणि पिरंगुटचा औद्योगिक पट्टा येतो. गावठाणातील जुनी घरे, भाड्याच्या खोल्यांत राहणारे कामगार आणि फाटकाशी पहारेकरी असलेली गृहसंकुले येथे शेजारीशेजारी आहेत. अशा वस्तीत पाहणीची कसोटी लागते. गावठाणात कर्मचारी थेट ओट्यापर्यंत जातो. संकुलात त्याला पहारेकरी, संस्थेचा व्यवस्थापक, सचिव अशा पायऱ्या चढाव्या लागतात आणि निवडलेल्या कुटुंबाला कळण्याआधीच कधीकधी नकार मिळून जातो. सचिवाने परस्पर दिलेला नकार हा त्या कुटुंबाचा नकार नव्हे. संस्थेच्या समितीने ओळखपत्र पाहून कर्मचाऱ्याला आत सोडणे आणि उत्तराचा निर्णय सभासदावर ठेवणे, एवढेच येथे उचित ठरते.

शहरालगतच्या गावांचे वेगळेपण पाहणीच्या रचनेतही दिसते. २०२२-२३ च्या पाहणीत जिल्ह्याच्या मुख्यालयापासून किंवा मोठ्या शहरापासून पाच किलोमीटरच्या आतील गावांचा वेगळा स्तर केला होता. कुटुंबांचे वर्गीकरण करताना ग्रामीण भागात ताब्यातील जमीन, तर शहरी भागात खासगी वापराची मोटार विचारात घेतली गेली. भातखाचरे विकून झालेली आणि दारात मोटार उभी असलेली भूगावसारखी वस्ती यांपैकी कुठल्या मापात नेमकी बसते, हे सांगणे सोपे नाही. जनगणनेच्या व्याख्येप्रमाणे ग्रामपंचायतीचे गावही 'गणना-शहर' ठरू शकते. त्यासाठी किमान ५,००० लोकवस्ती, चौरस किलोमीटरमागे किमान ४०० लोकांची घनता आणि मुख्य काम करणाऱ्या पुरुषांपैकी किमान ७५ टक्के शेतीबाहेरील कामात असणे आवश्यक असते. ही तिसरी अट घरोघरी मिळालेल्या उत्तरांवरूनच तपासली जाते.

प्रश्न आणि उत्तरे

पाहणीच्या भाषेत कुटुंब म्हणजे नातलगांचा समूह नव्हे. नेहमी एकत्र राहणारी व एका स्वयंपाकघरात जेवणारी माणसे म्हणजे कुटुंब. जुन्या मराठीत घर मोजताना 'चूल' मोजत असत, ती कल्पना येथे चपखल बसते. एका छपराखाली दोन भावांच्या दोन चुली असतील तर कुटुंबे दोन. बंगळुरूला किंवा परदेशी स्थायिक झालेला मुलगा शिधापत्रिकेवर असला तरी या कुटुंबात धरला जात नाही. उलट घरातच राहून जेवणारा नोकर धरला जातो.

खर्चाच्या प्रश्नांत कालावधी महत्त्वाचा असतो. भाजीपाला, फळे, अंडी, मांस-मासे, खाद्यतेल यांचा हिशेब मागील ७ दिवसांचा विचारतात. धान्य, डाळी, इंधन यांचा ३० दिवसांचा, तर कपडे, शिक्षण व टिकाऊ वस्तूंचा ३६५ दिवसांचा. ही विभागणी माणसाच्या स्मरणशक्तीला धरून केली आहे: गेल्या महिन्यातील कोथिंबीर कुणाला आठवत नाही, पण गेल्या दिवाळीतील फ्रिज आठवतो. विकत न घेतलेली वस्तूही सांगावी लागते. मुळशीच्या खाचरातला इंद्रायणी तांदूळ घरचाच असेल तर त्यावर पैसे गेले नाहीत म्हणून तो सोडायचा नसतो. शेतावरच्या भावाने त्याची किंमत धरली जाते. कामाला येणाऱ्या बाईने मालकिणीकडे केलेले जेवण मालकिणीच्या घरात मोजले जाते, कारण ते तिथे शिजलेले असते. या पाहणीत खाद्यपदार्थ, नित्य वापराच्या वस्तू व सेवा आणि टिकाऊ वस्तू यांच्या तीन वेगळ्या प्रश्नावल्या असून त्यांसाठी तीन भेटी होतात. पहिल्या भेटीला प्रतिसाद देऊन पुढच्या वेळी दार न उघडणे म्हणजे पहिले उत्तरही अर्धवट ठेवणे होय.

रोजगाराच्या प्रश्नांत सर्वांत जास्त गफलत होते ती स्त्रियांच्या कामाबाबत. श्रमबल पाहणी एप्रिल २०१७ पासून नियमित होत आहे आणि २०२५ पासून तिचे मासिक अंदाजही निघू लागले आहेत. "तुमची पत्नी काय करते?" या प्रश्नाला "काही नाही, घरीच असते" असे उत्तर मिळते. प्रत्यक्षात ती म्हशीचे दूध काढत असते, भातलावणीला उतरत असते किंवा दुकानाच्या गल्ल्यावर बसत असते. कुटुंबाच्या शेतीत वा व्यवसायात विनामोबदला मदत करणारी व्यक्ती पाहणीच्या व्याख्येने कामकरी असते. वर्षातील ३० दिवसांइतके दुय्यम कामही नोंदले जाते. "काही नाही" या दोन शब्दांनी ती श्रमबलातून वगळली जाते. म्हणून शक्य असेल तेथे उत्तर त्या स्त्रीनेच द्यावे. घरखर्चाचे तर तिच्याइतके कुणालाच ठाऊक नसते.

कायदा आणि गोपनीयता

जनगणना अधिनियम, १९४८ प्रमाणे जनगणनेच्या प्रश्नांची उत्तरे देणे बंधनकारक आहे. त्याच्या आठव्या कलमात एक लक्षणीय सवलत आहे: घरातील स्त्रीचे नाव सांगण्याची सक्ती नाही आणि रूढीने जिचे ओठ बांधलेले आहेत त्या स्त्रीने पतीचे नाव सांगितलेच पाहिजे असेही नाही. नाव घ्यायचे ते उखाण्यातच, असे मानणाऱ्या समाजाची कायद्याने घेतलेली ही दखल होय. याच अधिनियमाच्या पंधराव्या कलमाने जनगणनेच्या नोंदी तपासणीला खुल्या नाहीत आणि पुरावा म्हणून ग्राह्य धरल्या जात नाहीत.

नमुना पाहण्यांसाठी सांख्यिकी संकलन अधिनियम, २००८ हा वेगळा कायदा आहे. मात्र प्रत्येक पाहणी त्याखाली आपोआप येत नाही. त्यासाठी शासनाला अधिसूचना काढावी लागते. राष्ट्रीय नमुना पाहणीचा कारभार प्रामुख्याने लोकांच्या सहकार्यावरच चालत आला आहे. या कायद्याखाली मिळालेली माहिती सांख्यिकी कामासाठीच वापरायची असते. प्राप्तिकर किंवा शिधापत्रिका यांच्याशी तिचा संबंध जोडून उत्पन्न कमी सांगण्याची प्रवृत्ती त्यामुळे निराधार ठरते.

खरा धोका तोतयांचा आहे. कर्मचाऱ्याचे ओळखपत्र व कार्यालयाचे पत्र पाहण्याचा, संबंधित कार्यालयात चौकशी करण्याचा आणि खात्री होईपर्यंत थांबायला सांगण्याचा अधिकार कुटुंबाला आहे. प्रश्नांतील सूक्ष्म फरकही ओळखता यावा. बँकेत खाते आहे का, हा पाहणीचा प्रश्न असू शकतो. खात्याचा क्रमांक, ओटीपी किंवा पिन काय, हा कधीच नसतो. पाहणीसाठी पैसेही द्यावे लागत नाहीत.

परदेशातील मराठी कुटुंबे

टपालाने येणाऱ्या पाहणीचा अनुभव मराठी माणसाला येतो तो मुख्यतः अमेरिकेत. तेथील जनगणना विभाग दरवर्षी सुमारे ३५ लाख पत्ते निवडून अमेरिकन समुदाय पाहणीची पत्रे पाठवतो. प्रतिसाद संकेतस्थळावरून, टपालाने वा दूरध्वनीने देता येतो आणि तो कायद्याने बंधनकारक आहे. घरात इंग्रजीखेरीज कोणती भाषा बोलली जाते, असाही एक प्रश्न तीत असतो. प्रसिद्ध होणाऱ्या भाषांच्या एका तपशीलवार तक्त्यात मराठी स्वतंत्र नसून नेपाळी व इतर भारतीय-आर्य भाषांसह एकाच ओळीत आहे. 'इंडियन' किंवा 'हिंदी' असे सोपे उत्तर लिहिणारी मराठी कुटुंबे तर त्या ओळीतही पोहोचत नाहीत.

उत्तरांचा उपयोग

उपभोग खर्चाच्या पाहणीवरून ग्राहक किंमत निर्देशांकात कोणत्या वस्तूला किती भार द्यायचा हे ठरते. २०१२ हे पायाभूत वर्ष असलेल्या निर्देशांकाचे भार २०११-१२ च्या पाहणीवरून घेतले होते. २०१७-१८ च्या पाहणीचे निष्कर्ष माहितीच्या गुणवत्तेचे कारण देऊन प्रसिद्ध केले गेले नाहीत. त्यामुळे २०२२-२३ चे आकडे येईपर्यंत एका दशकाहून अधिक काळ देशाची महागाई जुन्याच ताटावरून मोजली गेली. कर्मचारी व निवृत्तिवेतनधारकांचा महागाई भत्ता ज्या औद्योगिक कामगारांच्या निर्देशांकावर ठरतो, त्यासाठी श्रम विभाग कामगार कुटुंबांची वेगळी पाहणी करतो. त्या निर्देशांकाच्या केंद्रांत पुण्याचाही समावेश आहे.

आगामी जनगणनेची अधिसूचना १६ जून २०२५ रोजी निघाली असून बहुतांश देशासाठी तिची संदर्भ तारीख १ मार्च २०२७ आहे. तीत प्रथमच कुटुंबांना संकेतस्थळावर स्वतःची माहिती स्वतः भरण्याचा पर्याय दिला आहे. अशी माहिती भरल्यावर मिळणारा क्रमांक प्रगणक घरी आल्यावर त्याला दाखवायचा असतो.