पट्टी छोटी, काळजी मोठी

‘‘अहो ताई, पाठ दुखतेय म्हणाल्या, म्हणून गरम पाण्याची पिशवी दिली शेकायला. त्यात काय एवढं?’’ माझ्या धाकट्या जावेचा तो रडवेला आवाज अजून कानात आहे.

सासूबाईंना कर्करोगाच्या वेदना सोसवेनात, गोळ्या गिळवेनात, म्हणून डॉक्टरांनी फेंटानिलची पट्टी लिहून दिली होती. पाठीवर नेमकी पट्टी होती तिथेच पिशवी ठेवली गेली. थोड्या वेळाने त्या गुंगल्या. हाका मारल्या तरी डोळे उघडेनात, श्वास अगदी संथ. शेजारच्या नर्सताईंनी आधी पट्टी काढायला लावली आणि आम्ही तडक रुग्णालय गाठलं. निभावलं, पण थोडक्यात!

जावेने केलं ते मायेपोटीच. पण ही पट्टी म्हणजे लचकल्या-मुरगळल्यावर लावायची साधी पट्टी नव्हे. फेंटानिल हे मॉर्फिनपेक्षाही कितीतरी पटींनी तीव्र औषध. ते कातडीतून हळूहळू, साधारण ७२ तास रक्तात झिरपत राहतं. उष्णता मिळाली की जास्त वेगाने झिरपतं. म्हणून शेक, कढत पाण्याची अंघोळ, कडक ऊन, सगळं वर्ज्य. ताप आला तरी डॉक्टरांना लगेच कळवायचं.

त्यानंतर आम्ही सगळं नीट विचारून घेतलं. जागा साध्या पाण्याने धुवून कोरडी करायची. साबण, तेल, पावडर नको. केस असतील तर कात्रीने कापायचे, वस्तरा फिरवायचा नाही. पट्टी कधीही कापायची नाही. तळहाताने अर्धा मिनिट दाबून धरायची. नवी लावण्याआधी जुनी आठवणीने काढायची आणि दर वेळी जागा बदलायची. पहिल्या पट्टीचा पूर्ण गुण यायला १२ ते २४ तास लागतात, म्हणून ‘अजून दुखतंय’ म्हणत आपल्या मनाने दुसरी चिकटवायची नाही. झोपेच्या गोळ्या किंवा दारू सोबत घेणं तर जिवावर बेतू शकतं. आम्ही कॅलेंडरवरच, दुधाच्या हिशेबाशेजारी, पट्टी लावल्याची तारीख आणि वेळ लिहू लागलो.

आणि हो, ‘माझे गुडघे दुखतात, एक दे गं’ म्हणणाऱ्या शेजारणीला अजिबात द्यायची नाही! ज्यांना अशा औषधांची सवय नाही, त्यांचा श्वास एका पट्टीनेही थांबू शकतो.

वापरलेल्या पट्टीतही बरंच औषध उरतं. रांगतं मूल ती उचलून तोंडात घालू शकतं. म्हणून चिकट बाजू आत घेऊन दुमडायची. केंद्रीय औषध नियंत्रण संस्थेने २०२५ मध्ये कचऱ्यात न टाकता शौचालयात फ्लश करायच्या १७ औषधांची यादी दिली, त्यात फेंटानिल आहे. नंतर हात स्वच्छ पाण्याने धुवायचे.

रुग्ण जास्तच गुंगला, श्वास मंदावला, बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या झाल्या, तर पट्टी काढा आणि १०८ ला फोन करा. पट्टी काढली तरी औषध बरेच तास अंगात राहतं, तेव्हा ‘बघू सकाळी’ नको.

मैत्रिणींनो, हे वाचून पट्टीला घाबरू मात्र नका. त्या पट्टीमुळेच सासूबाई शेवटचे काही महिने शांत झोपल्या, नातवंडांशी पत्ते खेळल्या. दुखणं सोसत राहण्यात कसलं आलंय पुण्य? फक्त मायेला माहितीची जोड हवी, एवढंच.