राज्यात मित्र, प्रभागात प्रतिस्पर्धी
लेखांक ६

मागच्या आठवड्यात आपण मॉरिस द्युव्हर्जे या फ्रेंच अभ्यासकाचा सिद्धान्त पाहिला. मतदारसंघातून एकच जण निवडायचा आणि ज्याला सर्वाधिक मते तो विजयी, असा नियम असला की लढत दोघांत उरते. कारण तिसऱ्याला दिलेले मत वाया जाईल, ही मतदाराची धास्ती. अमेरिकेत हे सहज दिसते. पण आपल्याकडे पक्षांची एवढी गर्दी असताना दुरंगी लढत शोधायची कुठे? मी विठ्ठलवाडी स्टेशनला उतरून कल्याण पूर्वेकडे बोट दाखवीन.

कल्याण-डोंबिवली महापालिकेसाठी १ नोव्हेंबर २०१५ रोजी मतदान झाले. जागा १२२, प्रभाग एकसदस्यीय. मंत्रालयात शिवसेना आणि भाजप एकाच सरकारात होते. इथे मात्र दोघांनी एकमेकांविरुद्ध शड्डू ठोकले. भाजपचे मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांनी शहरासाठी साडेसहा हजार कोटींचे पॅकेज जाहीर केले. शिवसेनेला ५२ जागा मिळाल्या, भाजपला ४२. २०१० मध्ये २७ नगरसेवक निवडून आणणारी मनसे ९ वर आली आणि दोन्ही काँग्रेस पार कोपऱ्यात गेल्या. सत्ताधारी कोण आणि विरोधक कोण, हे दोन मित्रपक्षच आपसांत ठरवत होते. बहुमताला ६२ हवे होते, तेव्हा दोघे पुन्हा एकत्र आले आणि महापौर शिवसेनेचा झाला.

या चुरशीचे मूळ जुने आहे. ठाणे लोकसभा मतदारसंघात पूर्वी कल्याण-डोंबिवलीही येत असे आणि ही जागा जनसंघ-भाजपच्या परंपरेतली: आधी रामभाऊ म्हाळगी, मग राम कापसे. १९९६ मध्ये युतीच्या वाटपात ती शिवसेनेकडे गेली आणि प्रकाश परांजपे खासदार झाले. शिवसेनेचे जिल्हाप्रमुख आनंद दिघे यांनी उभ्या केलेल्या शाखांचे बळ त्यामागे होते. भाजपच्या जुन्या कार्यकर्त्यांना ते फार लागले.

दोघांची बांधणीही वेगळी. शिवसेनेत गटप्रमुख, शाखाप्रमुख, विभागप्रमुख, शहरप्रमुख अशी उतरंड. नळाला पाणी नाही, दाखला अडलाय, शाळेत प्रवेश मिळत नाही, की माणूस संध्याकाळी शाखेत जातो. भाजपची मदार बूथवर. बूथप्रमुखाच्या हाताखाली पन्नाप्रमुख. मतदारयादीच्या एका पानाची जबाबदारी त्याची. त्या पानावरचे कोण गावी गेले, कोणाचे नाव चुकले, दुपारपर्यंत कोण मतदानाला उतरलेच नाही, हे त्याला ठाऊक असावे लागते. शाखा वर्षभर लोकांना आपल्याकडे येऊ देते, तर बूथयंत्रणा निवडणुकीत लोकांच्या दारी जाते. माझ्या मते नागरिकाला पहिली पद्धत अधिक उपयोगाची, कारण तिथे मताच्या पलीकडचेही काम होते.

पण शाखा माणसाभोवती उभी राहते, हा तिचा धोका. शिवसेनेतल्या जून २०२२ च्या फुटीनंतर डोंबिवलीच्या मध्यवर्ती शाखेत दोन गट समोरासमोर आले. निवडणूक आयोगाने १७ फेब्रुवारी २०२३ ला नाव आणि धनुष्यबाण एकनाथ शिंदे यांच्या गटाला दिले. त्याच्या कितीतरी आधी इथल्या प्रत्येक शाखाप्रमुखाला आपली बाजू निवडावी लागली होती.

पुढच्या लेखांकात : एका प्रभागातून चार नगरसेवक निवडायचे असतील, तर हे गणित कसे बदलते?