नंबर माणसाचा की एक्स्चेंजचा?

घरची लाइन : भाग ९

जुन्या कंपनीचा राउटर परत कसा करायचा आणि अडकलेलं डिपॉझिट कसं सोडवायचं, हे या आठवड्यात लिहायचं कबूल केलं होतं. ते पुढच्या रविवारवर ढकलतोय. कोथरूडहून एका बाईंचं पत्र आलंय आणि त्यातला प्रश्न माझ्या इतका आवडीचा आहे की दोन ओळींत उरकायला जीव होत नाही.

त्यांच्या वडिलांकडे बीएसएनएलचा लँडलाइन आहे, २५४६ने सुरू होणारा. आता घरात दुसऱ्या कंपनीचं फायबर घ्यायचं चाललंय. त्या कंपनीचा माणूस म्हणाला, सोबत फोनही देऊ, पण नंबर नवा. बाई विचारतात : ‘माझा मोबाइल मी दोनदा पोर्ट केला, नंबर तोच राहिला. मग बाबांच्या नंबरानंच असं कुणाचं घोडं मारलंय?’

बाई, कुणाचंच नाही. पण नंबर येणार नाही. आपल्याकडे कंपनी बदलताना मोबाइलचा नंबर सोबत नेता येतो, लँडलाइनचा नाही. अर्ज, फी, वशिला, कशाचाच उपयोग नाही, कारण मुळात ती सोयच केलेली नाही. का नाही, हे समजून घ्यायचं तर आधी एक्स्चेंजमध्ये शिरावं लागतं.

जुन्या एक्स्चेंजमध्ये एमडीएफची एक खोली असते. छताला भिडणारे लोखंडी सांगाडे. त्यांच्या एका अंगाला रस्त्यावरून आलेल्या केबली, दुसऱ्या अंगाला एक्स्चेंजची यंत्रं. तुमच्या घरातून निघालेली तांब्याची जोडी इमारतीच्या भिंतीवरच्या डीपी नावाच्या पेटीत जाते, तिथून कोपऱ्यावरच्या पिलरमध्ये आणि मग जमिनीखालून या सांगाड्याच्या रस्त्याकडच्या अंगावर. दोन्ही अंगं जोडणारी बारीक, पीळ दिलेली वायर म्हणजे जंपर. असे हजारो जंपर एकमेकांत गुंतलेले. पाहणाऱ्याला चक्कर यावी, पण सरावलेला माणूस त्यातून नेमका तुमचा ओढून दाखवतो.

मेख इथंच आहे. तुमचा नंबर घराकडून आलेल्या जोडीला नसतोच. तो असतो यंत्राकडच्या अंगाला, तिथल्या एका ठरलेल्या खुंटीला. त्यामुळे दोन गल्ल्या सोडून नवं घर घेतलं तर जंपर एका जोडीवरून काढून दुसऱ्या जोडीवर लावला की काम झालं, नंबर तोच. पण नदी ओलांडून गेलात की एक्स्चेंज दुसरं, खुंटी दुसरी, नंबर दुसरा. म्हणजे गिऱ्हाईक त्याच कंपनीकडे राहूनही नंबर गमवायचं, निव्वळ घर बदललं म्हणून.

डायलच्या जमान्यातल्या यंत्रांत तर नंबर म्हणजे अक्षरशः जागा होती. डायलवरून पाच सोडलात की तारेतून पाच ठोके जायचे आणि सिलेक्टर पाच पायऱ्या वर चढायचा. शेवटच्या सिलेक्टरवर दशकाच्या अंकाला वर चढायचं, एककाच्या अंकाला आडवं सरकायचं. जिथं थांबला तिथं तुमची लाइन. हे यंत्र आल्मन स्ट्राउजर या अमेरिकन माणसाच्या डोक्यातून निघालं, पेटंट १८९१चं. गडी कॅन्सस सिटीत अंत्यविधीचं सामान पुरवायचा धंदा करायचा. एक्स्चेंजवरची ऑपरेटर आपली गिऱ्हाइकं प्रतिस्पर्ध्याकडे वळवते असा त्याला संशय होता आणि म्हणून त्यानं ऑपरेटरच नको असलेलं एक्स्चेंज शोधून काढलं, अशी कथा सांगतात. खरी असो वा रचलेली, मला ती फार आवडते. गिऱ्हाईक कुणाच्या हातात, हे भांडण या धंद्याच्या मुळातच आहे.

पुढं यंत्रं इलेक्ट्रॉनिक झाली, पण नंबराची रचना जुन्याच वळणाची राहिली. पुण्यात २४४५, २४४७ म्हटलं की पेठा, २५४३, २५४६ म्हटलं की कर्वे रस्ता-कोथरूड. पुणेकर नुसत्या नंबरावरून पेठ ओळखायचा आणि त्यावरून माणसाबद्दल मतही बनवून मोकळा व्हायचा. नंबर आठ आकडी झाले तेव्हा सरकारी कंपन्यांच्या सात आकडी नंबरांपुढे २ लागला. खासगी कंपन्यांना वेगळे आकडे मिळाले : रिलायन्सला ३, एअरटेलला ४, टाटाला ६. म्हणजे पहिला आकडा कंपनीचा, पुढचे तीन एक्स्चेंजचे. माणसाच्या वाट्याला उरले शेवटचे चार.

मोबाइलचीही सुरुवात अशीच झाली होती. मुंबईत ९८२१ म्हणजे बीपीएल, ९८९२ म्हणजे एअरटेल, उर्वरित महाराष्ट्रात ९४२२ म्हणजे बीएसएनएल. ९८२०वाल्यांची गंमत वेगळी. त्यांची कंपनी आधी मॅक्सटच होती, मग ऑरेंज, मग हच, मग व्होडाफोन, आता व्हीआय. कंपनीनं चार वेळा नाव बदललं, गिऱ्हाइकाचा नंबर जागचा हलला नाही. पण गिऱ्हाइकानं स्वतःहून कंपनी बदलायची म्हटलं की नंबर सोडून जा! ही मिजास २० जानेवारी २०११ला देशभर संपली. त्याआधी २५ नोव्हेंबर २०१०ला हरियाणात, रोहतकला पोर्टिंगचा नारळ फुटला होता.

मोबाइलला हे जमलं, कारण तिथं खुंटी नव्हतीच. सिमकार्ड आज दादरला, उद्या दापोलीला. तेव्हा कॉल लावायच्या आधी ‘हा नंबर आत्ता कुठं आहे’ हे नोंदवहीत बघणं कंपनीला पहिल्या दिवसापासून भाग होतं. पोर्टिंगनं त्यात आणखी एक चौकशी वाढवली : ‘हा नंबर आत्ता कुणाचा आहे?’ पोर्ट झालेल्या प्रत्येक नंबराची नोंद एका मध्यवर्ती यंत्रणेत होते. देशाचे त्यासाठी दोन विभाग केलेत. महाराष्ट्र, मुंबई आणि गोवा पश्चिम-उत्तरेच्या विभागात येतात. नवी नोंद झाली की ती सगळ्या कंपन्यांना कळवली जाते आणि प्रत्येक कंपनी आपली प्रत अद्ययावत ठेवते. नंबरासमोर एलआरएन नावाचा छोटासा सांकेतिक आकडा असतो, कंपनी कोणती आणि सर्कल, म्हणजे परवान्याचा टापू, कोणतं हे सांगणारा. तुम्ही कॉल लावता तेव्हा तुमची कंपनी आधी तो बघते आणि मग कॉल थेट योग्य दारी नेते.

ही पद्धत सगळीकडे नाही. ब्रिटनमध्ये कॉल आधी नंबराच्या मूळ कंपनीकडे जातो आणि ती पुढं पाठवते. लेकीचं लग्न होऊन वर्षं झाली तरी पत्र आधी माहेरी आणि तिथून पत्ता खोडून सासरी, असा तो प्रकार. माहेरचं घर बंद पडलं तर पत्राचं काय, हा प्रश्न तिथं उरतोच. आपल्याकडे तो नाही. मुंबईतली लूप कंपनी, म्हणजे पूर्वीची बीपीएल, २०१४च्या नोव्हेंबरात परवाना संपून बंद झाली. तिचे कितीतरी ९८२१ आज दुसऱ्या कंपन्यांवर सुखानं वाजताहेत. या एका बाबतीत आपण उशिरा आलो, पण शहाणपणानं आलो.

एक पाचर मात्र राहिली होती : सर्कल. मुंबई, नवी मुंबई, ठाणे, कल्याण हे मुंबई सर्कल. पुणे, नाशिक, नागपूर आणि गोवा हे महाराष्ट्राचं. कल्याणहून पुण्याला बदली झाली की पोर्टिंग चालत नसे. एकतर रोमिंगचे पैसे भरा, नाहीतर नवा नंबर घ्या. ३ जुलै २०१५पासून तीही अडचण गेली.

कंपन्यांना पोर्टिंगची ही किल्ली गिऱ्हाइकाच्या हाती गेलेली आवडली का? पोर्टिंगसाठी १९००ला करायचा एसएमएस आणि उत्तरात येणारा आठ अक्षरी कोड नेहमीच्या वाचकांना पाठ आहे. पण मधल्या काळात स्वस्तातले असे प्लॅन निघाले की ज्यांत एसएमएसच जात नाही. बॅलन्स भरलेला, कॉल लागतोय, फक्त १९००ला ‘पोर्ट’ म्हणून कळवता येत नाही! शेवटी डिसेंबर २०२१मध्ये दूरसंचार नियामक ट्रायला बजावावं लागलं की प्लॅन कुठलाही असो, पोर्टिंगचा एसएमएस गेलाच पाहिजे. गिऱ्हाईक दराला बांधलेलं नसतं, नंबराला बांधलेलं असतं, हे कंपन्यांना आपल्याआधी कळलं होतं.

आता पुन्हा कोथरूड. लँडलाइनला हे का नाही? खुंटीचं कारण एकेकाळी खरं होतं, आता नाही. आजच्या यंत्रणेत लँडलाइनचा नंबरही नोंदवहीतली एक ओळच झालाय. तांब्याची जोडी काढून फायबर टाकलं तरी बीएसएनएल जुना नंबर चालू ठेवू शकते, याचा अर्थ तोच. अमेरिकेत तर १९९६च्या कायद्यानं लँडलाइनचीच पोर्टेबिलिटी आधी आणली, मोबाइलची नंतर, २००३मध्ये. न्यू जर्सीतल्या तुमच्या चुलतभावाला विचारा. घरचा जुना नंबर त्यानं खुशाल मोबाइलवर नेलेला असेल.

दुसरं कारण सांगतात ते एसटीडी कोडचं. आपला लँडलाइन साधारण तालुक्याएवढ्या टापूला बांधलेला असतो. पण कोथरूडमधल्या कोथरूडमध्ये कंपनी बदलणाऱ्याला त्याची काय अडचण? ०२० ते ०२०च. फेब्रुवारी २०२५मध्ये ट्रायनं लँडलाइनचे नंबर या टापूंऐवजी सर्कलच्या पातळीवर दहा आकडी करावेत अशी शिफारस केली आहे. तसं झालं तर हीही सबब गळून पडेल.

माझ्या मते खरं कारण साधं आहे. लँडलाइनवाल्यांसाठी भांडायला कुणी उरलंच नाही. पोर्टिंग आलं तोवर लोक लँडलाइन कंपनी बदलत नव्हते, लँडलाइनच काढून टाकत होते. ज्या धंद्यातलं गिऱ्हाईक ओसरतंय त्याच्यासाठी मध्यवर्ती यंत्रणा उभारायचा खर्च कुणी करावा? घरगुती फोनपुरतं हे एक वेळ मान्य करीन. पण दवाखाने, मंगल कार्यालयं, पिठाची गिरणी, पाटीवर तीस वर्षांपूर्वी रंगवलेला नंबर ज्यांची पुंजी आहे त्यांच्यावर हा अन्याय आहे. खासगी कंपन्यांना लँडलाइनचे परवाने दिले तेव्हाच ही अट घालायला हवी होती.

तर बाई, तुमच्यासमोर दोन वाटा आहेत. बीएसएनएलचं फायबर तुमच्या इमारतीत येत असेल तर आधी तिथं चौकशी करा आणि ‘नंबर हाच ठेवायचाय’ हे अर्जावरच लिहा, तोंडी सांगून सोडू नका. ते जमत नसेल तर दुसऱ्या कंपनीचं फायबर नेटसाठी घ्या आणि जुना लँडलाइन सगळ्यात कमी भाड्याच्या प्लॅनवर काही महिने राहू द्या. फोनशेजारी वही ठेवा. कोण कोण फोन करतं ते बाबांनी त्यात लिहायचं. गॅसचं बुकिंग, सोसायटी, पेन्शनवाली बँक, दवाखाना, दोन जुने मित्र आणि एक आत्या, यापलीकडे फारसं कुणी निघत नाही, असं मला बऱ्याच घरांत दिसलंय. त्या प्रत्येकाला नवा नंबर कळवून झाला की मगच काय ते ठरवा.

आणि कनेक्शन नेमकं कुणाच्या नावावर आहे, ते बिलावर बघा. कित्येक घरांत ते अजून आजोबांच्या नावावर असतं. तसं असेल तर आधी नाव बदलून घ्या, नाहीतर बंद करायच्या अर्जावर सही कुणाची, इथून सुरुवात होईल. नवं फायबर बसलं त्याच दिवशी जुनी लाइन सरेंडर करायची घाई मात्र करू नका. सोडलेला नंबर परत मागून मिळेलच असं नाही. तो दुसऱ्या कुणाला गेला तर बाबांचे मित्र भलत्याच घरी फोन करून ‘अण्णा जेवले का’ म्हणून चौकशी करत बसतील आणि ते घर बिचारं उत्तरं देत बसेल.